एक बाही कमी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मोबाइलवर तू ‘बरी आहे, जेवले’ असं पाठवतेस त्याने काळजी मिटते, पण पोट भरत नाही. पत्रात तू बोलतेस. कान पूर्ण गेल्यापासून तुझं बोलणं ऐकायची माझी तेवढी एकच जागा उरली आहे, म्हणून पत्राचा कंटाळा करू नकोस.

आता मुद्द्याचं. ऑपरेशन नक्की झालं. एप्रिलच्या शेवटी डाव्या कानामागे कातडीखाली यंत्र बसवतील. जखम भरली की जूनमध्ये एक दिवस ठरवून ते सुरू करतील, आणि सगळं सुरळीत झालं तर मला ऐकू येईल. डॉक्टरीणबाई मात्र जमिनीवर पाय ठेवून बोलणाऱ्या आहेत. पहिले काही आठवडे आवाज आवाजासारखे वाटणार नाहीत, असं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. आधीपासून मनात पक्का बसलेला एखादा आवाज रोज समोर असेल तर त्याच्या आधाराने बाकीचे लवकर उमगतात, असंही लिहिलं. घरातलं कोण येईल, असं त्यांनी विचारलं आणि मी अडकलो. खरं सांगू का ताई, तीन वर्षांच्या शांततेत आवाज विसरायला होतात. बाबांचा गेला. मित्रांचे गेले. भट्टीतून काढलेला पाव तळाशी टिचकी मारून ऐकला की तो भाजला का ते कळायचं. तो आवाजही गेला, आता पाव गालाला लावून अंदाज घेतो. तुझी संध्याकाळची दारातली हाक तेवढी शिल्लक आहे, पण तीही हल्ली कधीमधी निसटते.

तू यावंस असं वाटतं. तुझी भावजय म्हणते की तिचा आवाज मी भांडणांत भरपूर ऐकलाय, पहिला मान ताईंचाच. पण तुझ्या कमरेचं माहीत आहे, म्हणून आग्रह नाही. थेट जाणाऱ्या विमानाचा कागद सोबत ठेवला आहे. नुसता बघ, एवढंच.

तुझाच लाडका आणि म्हणूनच बिघडलेला,
बारक्या

दि. २१ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आग्रह नाही म्हणे! चार पानं भरून आग्रह केलास आणि शेवटी हात झटकलेस. अगदी लहानपणीसारखं. दारात उभी राहून घसा फाटेस्तोवर हाका मारायचे, तेव्हा कान चांगले धडधाकट असून तुला ऐकू यायचं नाही. आता ऐकायचंच म्हणतोस तर मी येते.

कमरेच्या डॉक्टरला विचारलं. शिलाई मशीन सोडल्यापासून मी दुकानात टेबलाशी उभी राहून नुसतं कापायचं काम करते, शिवायला मुलगी ठेवली आहे, हे तुला ठाऊक आहेच. उभं राहिलं की कंबर गप्प असते, बसलं की कुरकुरते. डॉक्टर म्हणाले, किती वेळ बसायचंय ते आधी घरी बसून बघा. मी तुझा कागद काढला. सकाळी दहाला निघून दुपारी दीडला पोचतं. म्हणजे साडेतीन तास. तू उगाच जगाच्या टोकाला गेल्यासारखा गळा काढतोस!

सरावाची सोय शेजारच्या सलूनमध्ये झाली. सलूनवाल्याने मोडीत निघालेल्या सिनेमागृहातल्या खुर्च्या गिऱ्हाइकांना बसायला आणल्या आहेत. तीन खुर्च्या, एकमेकींना जोडलेल्या, मधे हात ठेवायच्या दांड्या. विमानात अशाच असतात, असं तो म्हणाला. स्वतः बसलेला नाही, पण छातीठोक बोलायची सवय आहे. मला मधल्या खुर्चीत बसवलं आणि कमरेला गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधायचं कापड आवळलं. उठायची परवानगी नाही. दोन्ही बाजूंना दाढीवाले उतारू बसत होते, आपला नंबर आला की उतरत होते. मधेच चहा आणून देताना, आपण ढगांच्या वर आहोत, अशी घोषणाही केली त्याने. गल्लीत आता सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात, आणि तोही ओ देतो.

दुपारपर्यंत बसले. कंबर ठणकली, पण मी तिला दाद दिली नाही. दुकानातली टेप घेऊन कॅप्टनच्या मुलीच्या पृथ्वीगोलावर तुझं गाव ते माझं गाव असं अंतरही मोजलं. टेप ताणली तर ती समुद्रावरून न जाता वरच्या बर्फावरून गेली. गोल अंगावर कापड बसवताना असंच होतं, म्हणून नवल नाही वाटलं, पण स्वेटर घेईन म्हणते. अंतर वीतभर भरलं. तिकीट काढ.

भावजयीला आशीर्वाद. तिच्यासाठी काय आणू ते तिलाच लिहायला सांग, तुझी आवड नको.

तुझी,
ताई

दि. ५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोघांनी मिळून वाचलं आणि पीठ मळायचं सोडून हसत बसलो. पहिला घाणा करपला. तू येतेस हे वाचून मी काय केलं ते लिहीत नाही, मोठ्या माणसाला शोभण्यासारखं नव्हतं.

पण ताई, आता जे लिहितोय ते उभी असशील तर उभ्यानेच वाच. कागदावरच्या दोन वेळा दोन वेगवेगळ्या घड्याळांच्या आहेत. सकाळचे दहा तुझ्याकडचे, दुपारचा दीड माझ्याकडचा. तुझ्याकडे सकाळी दहा वाजतात तेव्हा माझ्याकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेनऊच वाजलेले असतात. साडेबारा तासांचा फरक आहे. विमान निघतं ते माझ्या रात्री, पोचतं माझ्या दुपारी. म्हणजे सोळा तास. जवळजवळ चौदा हजार किलोमीटर. तुझी वीतभर टेप बरोबर आहे, पण त्या वितीत सोळा तास मावलेत.

ही माझी चूक. इथे राहून दोन घड्याळं मनात वागवायची इतकी सवय झाली आहे की तुला समजावून लिहायला हवं, हे सुचलंच नाही. तिकीट काढलेलं नाही. तू जिवाचा आटापिटा करून यावंस आणि इथे येऊन आडवं पडावंस, हे मला नको. कॅप्टनसाहेबांना सांगून मोबाइलवर तुझा आवाज भरून घे. त्या दिवशी आम्ही तोच लावू.

कॅप्टनना माझा नमस्कार सांग. चहा देणारा वैमानिक सगळ्यांच्या नशिबी नसतो.

तुझा,
बारक्या

दि. २० एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. आधी तुझा राग आला, मग विमानवाल्यांचा. एकाच कागदावर दोन घड्याळं छापतात ही कुठली रीत? आम्ही एकाच कपड्याचं अर्धं माप इंचात आणि अर्धं सेंटीमीटरमध्ये लिहिलं तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल.

तरी म्हटलं बघू तर खरं. सलून उघडल्यापासून कापड बांधून बसले. दुपार गेली तशी डाव्या पायाला मुंग्या आल्या. हट्टाने बसून राहिले. ऊन कलल्यावर कमरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. कॅप्टनने आणि एका गिऱ्हाइकाने मिळून मला उभं केलं, त्या बिचाऱ्याच्या अर्ध्या गालाला साबण तसाच. मी रडले, बारक्या. दुखलं म्हणून थोडी रडले, पण सोळा तासांतले निम्मेच झाले होते म्हणून जास्त.

मी नाही येऊ शकत. आईनंतर तुझी कुठलीच गोष्ट मी चुकवली नव्हती, ही चुकणार. कॅप्टन म्हणतो आवाज भरून घेऊ. मोबाइलसमोर बसले तर तोंडातून शब्द फुटेना. उद्या परत बघते.

ऑपरेशननंतर जखमेची काळजी घे. भट्टीच्या धगीपुढे इतक्यात उभा राहू नकोस. फार लिहवत नाही.

तुझी,
ताई

दि. २३ एप्रिल

श्री. भट्टीवाले यांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी तुमच्या ताईंच्या शेजारचा सलूनवाला, सध्या विनापगारी कॅप्टन. हे पत्र मी ताईंना न सांगता लिहितो आहे. त्यांना कळलं तर माझी धडगत नाही, म्हणून वाचून फाडून टाकावं.

तीन-चार दिवसांपूर्वी त्या रडल्या ते त्यांनी लिहिलंच असेल. पुढचं लिहिलं नसेल, कारण ते त्यांच्या ध्यानातच आलेलं नाही. काल दिवसभर वीज नव्हती, त्यांचं दुकान बंद होतं. करमेना म्हणून त्या माझ्याकडे येऊन बसल्या. त्याच खुर्चीत, पण कडेच्या. माझी गिऱ्हाइकांना बांधायची कापडं फाटलेली बघून त्यांनी मला आधी झापलं आणि मग सुई-दोरा घेऊन शिवायला घेतली. मी कामात होतो. बऱ्याच वेळाने बघतो तर कापडं संपली होती, माझ्या ॲप्रनला खिसा लागला होता आणि दिवस मावळला होता. कंबर कशी आहे विचारलं, तर कुठली कंबर, असं म्हणून माझ्याच अंगावर आल्या.

मी आपला आरशातून बघत असतो, धंदाच तो. एक गोष्ट दिसली. धागा संपला की ताई उठायच्या, दारातल्या उजेडात जाऊन सुई ओवायच्या, पाठ ताणायच्या आणि परत येऊन बसायच्या. प्रत्येक धाग्याला एक फेरी. मीच मूर्ख, त्यांना मधल्या खुर्चीत बांधून ठेवलं होतं. विमानात उठायला बंदी नसते, याची मी काल एका फिरस्त्या गिऱ्हाइकाकडून खात्री करून घेतली.

तेव्हा तुम्ही कडेच्या जागेचं तिकीट काढा. सुई नेता येते का ते विमान कंपनीला विचारून कळवा. कात्री नेता येणार नाही, त्याची काळजी नको. मी इथेच माझ्या कात्रीने सगळे धागे सारख्या लांबीचे कापून जुडी बांधून देईन. काम मोठं हवं, म्हणून तुमच्यासाठी अख्खा शर्ट हाताने शिवायचा असं ठरवू. तुमची मापं पाठवा. गळ्याचं मी फोटोवरून सांगू शकतो, खांद्याचं नाही.

या बाईंनी माझं दुकान नवीन असताना पहिले सहा महिने स्वतःचं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्याकडे दामटून पाठवलं. त्यातल्या निम्म्यांना केसच नव्हते. हे कधी फिटायचं नाही, पण धागे तरी कापू द्या.

उत्तर ताईंनाच पाठवावं, माझं नाव मधे आणू नये. लोभ नवाच आहे, टिकवू.

आपला,
कॅप्टन

दि. ९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं. डोक्याची एक बाजू भादरलेली आणि दुसरीवर जंगल, असा अवतार आहे. दुखणं उतारावर आहे. भट्टीवर भावजयीचं राज्य आहे आणि पाव माझ्यापेक्षा बरे होतात, असं गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर लिहून देतात.

एका पक्ष्याने कानात सांगितलं (ऐकू कसं आलं ते विचारू नकोस) की तू हाताने शिवत बसलीस तर तुझी कंबर तोंड उघडत नाही. मी ताबडतोब कडेच्या जागेचं तिकीट काढलं आहे. सुई चालते, कात्री नाही. सोबत माझी मापं पाठवतो. पोटाचं माप खरं आहे, पुन्हा मोजायला लावू नकोस. माझ्याकडे तू शिवलेला शेवटचा शर्ट लग्नाआधीचा आहे, तो आता उशीच्या अभ्र्याइतकाच येतो. आल्यावर विमानतळावर धरायला मी आणि चाकांची खुर्ची दोघंही असू. तुला जमलं नाही तर मधेच कुणालाही सांग, लाजू नकोस.

येच ताई. या वेळी आग्रहच आहे.

तुझी वाट बघणारा,
बारक्या

दि. १४ जून

चि. कॅप्टनला,
आशीर्वाद आणि एक धपाटा.

पक्षी कोण ते मला पहिल्या ओळीतच कळलं होतं. पोटात काही राहील तर तुझं नाव कॅप्टन कसलं. तुझ्यामुळे आज मी भावाच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. उभी नाही, बसून, हे लक्षात घे.

प्रवासाचं ऐकायला गल्ली जमली असेल, तेव्हा मोठ्याने वाचून दाखव. विमान सुटलं. मग मी पिशवीतून कापलेले तुकडे काढले, तुझी धाग्यांची जुडी दांडीला अडकवली आणि पाठीपासून सुरुवात केली. धागा संपला की उठायचं, मागच्या टोकापर्यंत जायचं, पाठ ताणायची, यायचं. शेजारी एक तरुण इंजिनियर होता. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा सुई ओवून द्यायचं काम त्याने आपणहून घेतलं. त्याच्या कोटाचं लोंबणारं बटण मला बघवेना, तेही पक्कं केलं. खिडकीबाहेर खाली खरोखरच बर्फ होतं. टेपने खोटं सांगितलं नव्हतं. कॉलर झाली, पट्टी झाली, काजं झाली. एक बाही लावली आणि दुसरीला हात घालणार तोच जुडीतला शेवटचा धागा संपला, आणि विमान खाली यायला लागलं. तुझा हिशेब एका बाहीने चुकला. कंबर दुखली, नाही म्हणत नाही, पण माझी मीच चालत बाहेर आले. बारक्या समोर होता. केवढा रे पिकलाय. आम्ही दोघं किती वेळ तसेच उभे होतो कोण जाणे, मागून लोकांच्या बॅगा पायाला लागत होत्या.

काल यंत्र सुरू केलं. पहिलं वाक्य मी महिनाभर घोकलं होतं. आईची आठवण, देवाची कृपा, सगळं त्यात होतं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, बारक्याने डोळे मिटले, आणि माझी नजर त्याच्या डोक्याकडे गेली. तोंडातून निघालं की तुला इतकं वाईट कुणी रे भादरलं! तुझ्या शेजाराचा परिणाम, दुसरं काय.

त्याने डोळे उघडले. ऐकू आलं होतं! पण आवाज कसा वाटला असं लिहून विचारलं तर म्हणाला, डब्यात खडे घालून हलवावे तसा. माझा म्हणून ओळखूच आला नाही. इतकी वर्षं मी डब्यातले खडेच तर होते, असं म्हणून मी हसले. मनातून खट्टू झाले, तुला म्हणून सांगते. डॉक्टरीणबाई म्हणतात, बोलत राहा. तेवढं तर मला येतं.

अजून दीड महिना इथे आहे. दुकानावर नजर ठेव, मुलीला कॉलर घाईत लावू देऊ नकोस. तुझ्या उपकारांचं ओझं विमानात चालेल तेवढं घेऊन येते, बाकीचं तुझ्यापाशीच राहू दे.

तुझी,
ताई

दि. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं आणि जाताना विमानात दुसरी बाही लावल्याचं कळलं. शर्ट इथेच ठेवून जा म्हणालो तर अर्धवट काम तू कुणाच्या घरी ठेवत नाहीस म्हणालीस. आता तो शर्ट पूर्ण आहे, पण तुझ्याकडे आहे. हे तू मुद्दाम केलंस असं तुझी भावजय म्हणते, आणि माझंही तेच मत आहे.

एक गोष्ट तू इथे असताना सांगायची राहिली. सांगायला गेलो असतो तर दोघंही कामातून गेलो असतो. तू दिवसभर माझ्या मागे बडबडत असायचीस, पेपर वाचून दाखवायचीस, भाजी कापतानाही थांबायची नाहीस, आणि मला मात्र डब्यातले खडेच ऐकू यायचे. तुझा घसा बसला तरी तू गप्प राहिली नाहीस. एका सकाळी मी मोरीपाशी ट्रे घासत होतो. मागून तू हाक मारलीस, काहीतरी साधंच, दूध उतू जातंय की काय. आणि ती तुझी हाक होती. खडे नव्हते. तूच होतीस, दारात उभी राहून मारायचीस ती, शेवटच्या अक्षराला लांबवलेली. मी वळलो नाही, नळ तसाच चालू ठेवला. दूध उतू गेलं आणि तू पुन्हा बहिरा म्हणून माझा उद्धार केलास. तोही स्पष्ट ऐकला. इतकं गोड मला आयुष्यात कुणी रागावलं नसेल.

त्यानंतर एकेक येत गेलं. भावजयीचा आवाज आला, आणि भांडणंही. गेल्या आठवड्यात पाव तळाशी टिचकी मारून कानाशी धरला. पोकळ वाजला. भट्टीवरच्या सगळ्यांना एकेक तुकडा वाटला.

ताई, तू मला वाढवलंस, शिकवलंस, इथे पाठवलंस, त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. घरच्यांचे आभार मानायचे नसतात असंच तू शिकवलंस. पण सोळा तास धाग्याधाग्याने उठत बसत तू माझ्यापर्यंत आलीस, त्याचे मानतो. रागावायचं असेल तर समोर रागाव, कारण मी येतोय. डॉक्टरीणबाईंनी विमानाची परवानगी दिली आहे. पुढच्या महिन्यात शर्ट न्यायला येतो. कॅप्टनना सांग, माझं डोकं त्यांच्यासाठी राखून ठेवलंय, इथे कुणाला हात लावू दिलेला नाही.

सोबत विमानाचा कागद ठेवला आहे. या खेपेला त्यावर सकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतं असं छापलंय. अख्ख्या दिवसाहून मोठा प्रवास बघून घाबरू नकोस, घड्याळं तीच दोन आहेत. अंतर तेवढंच आहे, एका बाहीने कमी एक शर्ट.

विमानतळावर येऊ नकोस, कंबर सांभाळ. मी गल्लीच्या तोंडाशी उतरेन आणि तिथेच थांबेन. तू फक्त दारात ये आणि हाक मार. पहिल्या हाकेला येतो.

तुझा,
बारक्या